बंग : अर्थ पहिला

३ फेब्रुवारी

इंग्रजी-मराठी कोशाची 'बी'ची पानं शुक्रवारी छपाईला जायची आहेत आणि मी 'बंग'पाशी अडकले! इंग्रजीतला एवढासा शब्द. अर्थ पहिला – पिंपाचं बूच. दुसरा – भिरकावणे. तिसरा, बोलीभाषेतला – लाच.

तेवढ्यात दादाचा फोन. "पंडितीणबाई, परदेशी गिऱ्हाईक म्हणतंय, आधी बंग पाठवा, मग ऑर्डर पक्की. बंग म्हणजे काय गं?"

मी हसलेच. "लाच रे! उघड उघड मागतोय."

दादा म्हणाला, "बाबांनी चहापलीकडे कुणाला काही दिलं नाही कधी."

"देऊन टाक आणि मोकळा हो. ही ऑर्डर गेली तर कारखान्याला कुलूप लागेल."

फोन ठेवला. पानं संपवली.

५ फेब्रुवारी

दादाने पाकीट पाठवलं. "बाबांच्या फोटोकडे पाठ करून भरलं," म्हणाला. वेडा!

११ फेब्रुवारी

'बंग' डच भाषेतून आलाय. त्याच्याही मागे गेलं तर, काहींच्या मते, मूळ अर्थ – भोक. भोकाचं नाव बुचाला! इतकी खूश झाले की दादाला फोन लावला.

वहिनीने उचलला. "वन्सं, मेल्याने पाकीट परत पाठवलं. ऑर्डर रद्द! लाच देणाऱ्यांशी व्यवहार नाही म्हणे. मग मागितली कशाला?"

हातातलं पेन तसंच राहिलं. दादा लाकडी पिंपं बनवतो. पिंपं! त्या माणसाने नमुन्याचं बूच मागितलं होतं. पहिला अर्थ. दादाने विचारलं त्याच दिवशी माझ्याच हाताने लिहिलेला.

१२ फेब्रुवारी

कारखान्यात जाऊन सांगितलं. दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग रंधा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"मी बोलते त्याच्याशी," म्हटलं.

"अजिबात नाही. काय सांगशील? कोश करणाऱ्या बाईला शब्द कळला नाही? पुस्तक यायचंय तुझं."

रागावला असता तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी

न राहवून आज गिऱ्हाइकाला फोन केलाच. म्हणाला, ऑर्डर दुसरीकडे गेली. आणि – "तुमच्या भावाने मला परवाच सगळं सांगितलंय. बहीण 'बूच'च म्हणाली होती, फोनवर त्यानेच 'लाच' ऐकलं. तुमच्याकडे दोन्ही शब्द म्हणे सारखेच संपतात."