पट्ट्यांतला आवाज

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचे! खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि दुकानाचं तोंड थेट रस्त्याकडे. एका जिन्याखाली बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करत सुरुवात केली होती; आज स्वतःच्या दुकानावर पाटी चढवली. छाती जरा फुगली तर कुणी हसू नये. बायको हसलीच. म्हणाली, पाटी वाकडी आहे, पण मालक सरळ असला म्हणजे झालं. आधीच्या मालकाने जाड काचेचा जुना कॉम्प्युटर मॉनिटर तसाच सोडलाय. उचलायला गेलो तर कंबरच धरली. म्हटलं, राहा बाबा, तूही. शेजारी शिंपी आहे. त्याचं मशीन दिवसभर खडखडतं.

बुधवार, ६

मेहुणा आला. कॉम्प्युटरची नोकरी करतो, आणि माझी टिंगल हा त्याचा जोडधंदा. म्हणाला, भाऊजी, हा मॉनिटर गातो. मला वाटलं, वेड्यात काढतोय. त्याने आपला कॉम्प्युटर जोडून पडद्यावर काळे-पांढरे आडवे पट्टे काढले, शेजारी रेडिओ ठेवला, काटा फिरवला, आणि रेडिओतून सूर! मॉनिटरमधून सारख्या थोड्या लहरी सांडत असतात म्हणे, रेडिओ त्या पकडतो. पट्टे बारीक केले की सूर चढतो, रुंद केले की उतरतो. मध्ये तार नाही, काही नाही. मी टाळ्याच पिटल्या. जाताना कॉम्प्युटर ठेवून गेला, आणि पट्टे कसे बदलायचे तेही शिकवून.

शुक्रवार, ८

दुसरं काम सुचत नाही. सूर जुळवायची माझी रीत जुनीच. दोन आवाज जवळ आले की मध्ये एक थरथर राहते. ती मंद होत होत थांबली की जुळलं. आधी शेजारच्या शिंप्याच्या मशीनच्या आवाजाशी रेडिओतला सूर जुळवला. हुबेहूब! मग बायको. भाजी निवडताना ती गुणगुणते, चाल तिची स्वतःचीच. तिला खाली आणून बसवलं. लाजली, म्हणाली, इतकी वर्षं संसार केला, आज ऐकू आलं का? पट्टा पट्टा करून तिचा आवाज जुळवला. शेवटची थरथर थांबली तेव्हा वाटलं, बायकोचं गुणगुणणंही थांबलं. ओठ मात्र हलत होते. रेडिओच मोठा लागला असेल.

शनिवार, ९

शिंपी खूश. म्हणतो, नवं तेल लागू पडलं, मशीन आवाजच करत नाही. जाऊन पाहिलं. सुई खाली-वर होतेय, कापड सरकतंय, आणि कानाला काहीच नाही. तो हसत होता. मला हसता येईना. धावत घरी आलो, बायकोला म्हटलं, गुणगुण पाहू. तिने तोंड मिटून जोर लावला. काही नाही. तिलाही ऐकू आलं नाही. बोलते, पण घसा बसल्यासारखी.

रविवार, १०

सगळे पट्टे पुसले. मॉनिटरचा प्लग काढला. रेडिओत तिची चाल सुरूच. मेहुण्याला फोन केला. म्हणाला, वीज नाही तर लहरी कुठल्या, भाऊजी? ताईला डॉक्टरकडे न्या. नेलं. घशात काही दोष नाही म्हणाले.

मंगळवार, १२

बंद मॉनिटरवर पट्टे आहेत. मी काढलेले नाहीत. ती बोलते तसे हलतात. तिने पाणी मागितलं — अर्धा शब्द तिच्या तोंडून, अर्धा रेडिओतून. जुळलेलं बिघडवून पाहावं म्हणून मॉनिटर पुन्हा लावला, एक पट्टा थोडा रुंद केला. थरथर परत आली, पण तिच्या गळ्यात. दोन्ही हातांनी गळा धरून ती खाली बसली. पट्टा होता तसा केला.

गुरुवार, १४

आवाज संपला. शब्द नाही, खोकला नाही. पावलंही वाजत नाहीत; मागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही — कानांवर पोट भरणाऱ्या मला!

रेडिओ नेऊन उकिरड्यावर टाकला. आलो तर दुरुस्तीला आलेले सगळे रेडिओ बोलताहेत. फळीवरचे. उघडे पडलेलेसुद्धा. तिच्या आवाजात. घरातलंच काहीबाही. दूध उतू जाईल, दार लावा.

ती जिन्यावर बसून ऐकतेय. स्वतःलाच.

शुक्रवार, १५

मॉनिटर फोडायचा. आवाज तिच्याकडे परत येईल, नाहीतर कायमचा — कोण सांगणार?

हातोडा बाजूला ठेवून लिहितोय. लिहिलं की डोकं जागेवर राहतं.

ती समोर आहे. हाताने सांगतेय, फोडा. फोडा ना.

आणि रेडिओ — सगळे एकदम — अहो, नको. मी इथे आहे. समोर आहे ती मी नव्हे.

रडतेय. हुंदक्याने खांदे हलताहेत. हुंदका रेडिओत.

आजवर काळोखातसुद्धा आवाजावरून ओळखलं हिला. कान म्हणतात —

पण चेहरा तर —

तिने हातोडा उचलला. वर नेला. रेडिओ किंचाळताहेत, अहो, धरा तिला, मारतेय मला, धरा — मी उठतो, तिचा हात ध