शीतखोलीची दुसरी किल्ली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, बर्फाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. एक प्रत वकिलांकडे आहे, कारण या घरात कागद जागेवर राहत नाहीत. आधीची मृत्युपत्रे रद्द. ज्या पानावर माझी सही नाही, ते पान माझे नाही.

१. माझ्या वह्या व फोटो. एकतीस वर्षे मी ध्रुवावरून आणलेल्या बर्फाच्या पातळ चकत्या कापल्या. बर्फाचा स्फटिक पत्त्यांच्या कॅटासारखा असतो: एका बाजूने ढकलला तर घसरतो, दुसऱ्या बाजूने हटून बसतो. खोलवर, वरच्या भाराखाली, सगळे कॅट एकाच दिशेला वळतात आणि तिथला बर्फ कितीतरी पट सहज वाहतो. आमच्या साहेबांचे गणित मात्र बर्फ सगळीकडून सारखाच घट्ट धरून चाले. "बाई, तुमच्या चार चकत्यांसाठी मी अहवाल बदलू?" असे ते म्हणाले. वह्या कोणत्याही प्रयोगशाळेला द्याव्यात, आमची सोडून.

२. अहवाल छापायला जाण्याआधीच्या जोडसुट्टीत बर्फ साठवायची शीतखोली बंद पडली. सर्वांत खोलचे तुकडे वितळले, ट्रेमध्ये पाणी उरले. किल्ल्या दोनच: एक माझी, दुसरी ती खोली सांभाळणाऱ्या मेकॅनिकची. मी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली. त्याची नोकरी गेली. गेल्या महिन्यात तो स्वतः आला. म्हणाला, "बाई, त्या शनिवारी तुमच्या भावाला मी प्रयोगशाळेच्या जिन्यात पाहिलं होतं. तेव्हा बोललो असतो तर विश्वास ठेवला असता?"

नसता ठेवला.

३. भावाला मी एवढेच विचारले, "त्या सुट्टीत तू कुठे होतास?"

"ताई, तुझी किल्ली मी लगेच जागेवर ठेवली होती."

किल्लीचे नाव मी काढलेच नव्हते. त्या सुट्टीनंतर महिन्याभरात साहेबांनी त्याला कार्यालयात चिकटवले होते. मला वाटले होते, माझ्याकडे बघून. त्याने मरेपर्यंत मागच्या खोलीत राहावे. माझ्या कपाटाला हात लावू नये.

४. घर मेकॅनिकला. तो नको म्हणाला. "घर राहू द्या. मी बंद केलं नव्हतं, एवढं लिहून द्या. माझी बायको तो संशय मनात घेऊनच गेली."

म्हणून लिहिते: शीतखोली त्याने बंद केली नाही. पुरावा नसताना मी त्याच्यावर आळ घेतला. घर तरीही त्याचेच.

साक्षीदार: शेजारच्या दंतवैद्य बाई आणि निवृत्त ग्रंथपाल. दोघांनी मला सही करताना पाहिले आणि चौथे कलम मोठ्याने वाचले. मेकॅनिकला घर मिळणार असल्याने तो साक्षीदार नाही. नुसता समोर बसला होता.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

पुन्हा वाचले.

(सही) मृत्युपत्र करणार
(सही) साक्षीदार पहिल्या
(सही) साक्षीदार दुसरे
स्थळ: राहत्या घराची वरची खोली, दार आतून बंद
दिनांक: ९ मार्च २०१९