पहिल्या गिऱ्हाईकाचे पैसे

दि. ४ मार्च

प्रिय गट्टू,

तुला आणि तुझ्या बायकोला आशीर्वाद, पोरांचे पापे. इकडे सगळं ठीक. तुझे भावोजी वेळेवर उठतात, चहा घेतात. जिना चढताना मध्ये एकदा थांबतात आणि खिडकीतून काहीतरी बघायचं निमित्त करतात, इतकंच.

तुझं पत्र मिळालं. भाऊ विमावाला असला की असं होतं, नमस्कार नंतर आणि मरण आधी. ही पॉलिसी त्यांच्या गळ्यात तूच मारलीस. मेल्यावर पैसे मिळणार तर जगायचं कशावर, म्हणून मी तुला किती बोलले होते! तू म्हणालास, ताई, यात आत पैसे साठत जातात, म्हातारपणी त्यावर कर्ज काढून खाता येतं, करही लागत नाही. मला वाटलं, तुझी नेहमीची टकळी.

ते मात्र ठाम. दुकानात सकाळचं पहिलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की त्याचे पैसे विम्याच्या डब्यात. दाढी असो नाहीतर पोराटोरांचे केस. घरात पोटाला चिमटा बसला तरी डब्याला हात नाही. मी त्या डब्याला सवत म्हणायचे.

आता तीच सवत आम्हाला जेवू घालते आहे. हो, तू नको म्हणत असताना आम्ही कर्ज काढलं.

तू लिहिलंस, थोडं थांब, आता उचललं तर नंतर तुझ्या हाती कमी येईल. कशासाठी थांबू ते लिहिलं नाहीस. मीही नुसतं ‘थकलेत’ लिहीत आले. त्यांचं हृदय गेलंय रे. डॉक्टर म्हणाले, पुढचा हिवाळा निघाला तर निघाला. दुकान सोडून दिलं, माझ्या पगारात भागेना, तर हे दुसऱ्याच्या दुकानात उभं राहायला निघाले. मी पॉलिसीचा विषय काढला तर म्हणाले, “ते तुझ्यासाठी ठेवलंय.”

“मग मला द्या ना,” मी म्हटलं. “मला तुम्ही घरी बसलेले हवे आहात.”

तेव्हा कुठे त्यांनी सही केली. शेजारच्या हिशेबनीसांना कर विचारला. ते म्हणाले, कर्जावर कसला कर, ही मिळकत नाहीच. फक्त व्याज वाढून पॉलिसी बंद पडू देऊ नका. मी थक्क. आपल्याच पैशांवर उसने घ्यायचे आणि फेडायचे ते शेवटी, एकदाच.

पैसे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले. मला वाटलं, निघाले कामाला. मी रागाने मागोमाग गेले. कोपऱ्यावर एका पोराने नवं सलून काढलंय, त्याचं शटर उघडत होतं, आणि हे आत जाऊन खुर्चीत बसले. लोकांच्या हनुवट्या वर करण्यात जन्म गेला या माणसाचा. स्वतःची दाढी घरीच कशीबशी उरकायचे. आता मान मागे टाकून, डोळे मिटून, गालभर फेस. मी काचेबाहेर उभी. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा इतका निवांत चेहरा मी पाहिला नव्हता. पाया पडावंसं वाटलं, कुणाच्या ते कळेना.

बाहेर आले तेव्हा मला बघून लाजले. म्हणाले, “त्याचं पहिलं गिऱ्हाईक मी. रोज येणार आहे.” थोडं चालून दम घ्यायला थांबले आणि म्हणाले, “त्याला सांगितलंय, हे पैसे वेगळे ठेव.”

मला कमी मिळालं तर मिळू दे, गट्टू.

तुझ्या कागदावर वारस,
इथे अजून त्यांची बायको असलेली,
तुझी ताई