दुसरा अंगठा

प्रिय बारक्या,

फोन सोडून कागदावर लिहितेय म्हणजे ताईचं डोकं फिरलं, असं म्हणशील. म्हण बापडा. आमच्या बँकेतल्या सगळ्यांचे फोन हल्ली ऐकले जातात, म्हणून हे सीमेपलीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय.

तू तिकडे नोकरीला गेलास, वर्षभरात तिथलं चलन बुडालं आणि सगळा देश आमचा डिजिटल पैसा वापरायला लागला. तेव्हा मी काय मिरवले होते. तिकडचा भाजीवालासुद्धा आमच्या बँकेच्या पैशात व्यवहार करतो, असं ज्याला त्याला ऐकवत होते. उद्या दोन देशांचं फाटलं तर काय, असं तू विचारलंस, तर तुलाच रडका म्हणाले.

आता फाटलंय. बंदरावरून सुरू झालं, ते तू बातम्यांत बघतच असशील. तिकडचं सरकार वाकेना, तरी आमच्यांनी सैन्य हलवलेलं नाही, कारण गरजच नाही. तिकडची सगळी खाती एका झटक्यात बंद करायची ठरलीत. साहेबांनी हे चहा पिता पिता सांगितलं. मला तुझ्या हॉस्पिटलचं औषधांचं कोठार दिसायला लागलं. इन्सुलीनपासून सलाइनपर्यंत सगळं तू याच पैशाने मागवतोस, आणि तुझ्याकडे राहणाऱ्या आईचीही औषधं तिथूनच येतात.

आमचं मशीन असा हुकूम दोन अंगठ्यांशिवाय घेत नाही. पहिला साहेबांचा, तो लागला. दुसरा माझा. इतकी वर्षं या कामात करण्यासारखं काही नव्हतंच. तुझे भावोजी मला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवतात, आणि मीही हसायचे.

सोमवारी सकाळी मला वर बोलावलंय. मी अंगठा लावणार नाही. शूरबिर मी मुळीच नाही, भयंकर घाबरलेय. हे तुला मिळेल तोवर माझं नाही म्हणून झालेलं असेल. माझ्या जागी दुसरा माणूस नेमायचा, त्याचा अंगठा नोंदवायचा, याला आठवडा लागतो. साहेबांनी कितीही आदळआपट केली तरी मशीन ऐकत नाही. तेवढाच वेळ तुझ्यासाठी काढता आला. हॉस्पिटलच्या खात्यात असेल नसेल ते सगळं औषधांत घाल, आजच. मला फोन करू नकोस, उचलायला मी घरी नसेन. आईला सांग, ताईला ट्रेनिंगला पाठवलंय, कधी सोडतील ते कळवलेलं नाही.

तुझीच,
ताई