मोतीबाईच्या डब्या

प्रिय प्राची,

मंगळवारी सकाळी मोतीबाईनं डबी माझ्या हातात दिली आणि हसत म्हणाली, "लई जा भाऊ, मनीच शे." माझीच आहे, म्हणे. त्या घडीला माझं सगळं फिरलं.

पहिल्या खेपेला चोपड्यापुढच्या त्या पाड्यावरून गरोदर बायकांच्या शौचाची एकही डबी न मिळता मी धुळ्याला रिकामी बर्फपेटी आणली, तेव्हा तू लॅबमध्ये सगळ्यांदेखत म्हणालीस, "पेटी तरी गार ठेव, डोकं गार ठेवणं काय तुझ्याच्यानं व्हायचं नाही." मी हसलो, पण लागलं. जळगावला दुसऱ्या वर्षाला सरांच्या अंगावर धावून गेलो आणि कॉलेज सुटलं, ते तू कधी काढत नाहीस. त्या दिवशी काढल्यासारखं वाटलं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी मोतीबाईच्या ओट्यावर ओरडलो. तिची सून रोहिणी, पाचवा महिना लागलेली, दाराआड उभी होती. म्हटलं, डबी मिळाल्याशिवाय हलणार नाही. म्हातारी आत गेली, डबी घेऊन आली. मला वाटलं, जिंकलो.

पोटुशा बाईचं नख, केस, काहीही परक्या हातानं घराबाहेर जाऊ देत नाहीत तिथं. माझ्या तोंडी लागायचं नको म्हणून मोतीबाईनं दर वेळी स्वतःच्याच शौचाची डबी दिली, वर चिठ्ठी सुनेच्या नावाची. शेजारच्या पाच सासवांनाही हीच वाट दाखवली. मला भोळेपणानं विचारते, "मना पोटमा बी जंतू शेतसच ना?"

त्याच दुपारी तुला सांगायला आलो होतो, खरंच. पण तू खुर्ची ओढलीस, कागद पुढे केलेस. इतर गावांत महिने भरत जातात तसे बायकांच्या पोटातले जंतू बदलतात, या पाड्यावर बदलतच नाहीत, असं काहीतरी मोठं सापडलंय म्हणालीस. पाव फुगवणाऱ्या त्या यीस्टला आयांसाठी कुठलं जीवनसत्त्व बनवायला शिकवायचं, ते आता यावरून ठरेल. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "संघपाल, तुझ्यामुळे." चार वर्षं ज्या हाताची वाट पाहिली, तो खांद्यावर होता. तीही डबी मी फ्रीजमध्ये ठेवली.

काल पेटी न घेता पाड्यावर गेलो. मोतीबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "आज पेटी नही ना? मंग बस, च्या पी." रोहिणीला आता सातवा आहे, भिंतीला हात लावत चालते. ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. ताईंना घरी येऊ द्या, माझ्यासमोर डबी बंद करू द्या, मी देते, म्हणाली. ताई म्हणजे तू. इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मी तर ओरडण्यात गुंग होतो.

आज दुपारी तुझा अहवाल जाणार, म्हणून हे पत्र. जाऊ देऊ नकोस. त्या सहा बायकांच्या सगळ्या डब्या बाद कर. नावं आणि तारखा मागच्या पानावर आहेत. चूक माझी आहे असं वरिष्ठांना स्पष्ट सांग, तुझं नाव त्यात अडकू देऊ नकोस. चुकीच्या पोटांवरून केलेलं औषध रोहिणीसारखीच्या पोटात जायला नको. तुला दुसरंही एक सांगायचं होतं, पण ते माफीच्या शेपटीला बांधलं तर लाच दिल्यासारखं होईल. तू बैठकीतून येशील तेव्हा मी इथं नसेन. समोर असलो तर पुन्हा काहीतरी बोलून बसेन. पत्र तुझ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतोय. उठतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

तू कितीही चिडलीस तरी तुझाच,
संघपाल