गुडघा बाराव्या वर्षी

३ मार्च, मंगळवार

फुटबॉल क्लबने मला वीस वर्षांसाठी ठेवून घ्यायचं ठरवलंय. वीस! माझं वय एकोणीस.

दोन हंगामांत मला एकूण अकरा मिनिटं खेळवलंय. त्यातली चार मिनिटं पंच एका कुत्र्याला मैदानाबाहेर हाकलत होते.

मामा खूश. मामा माझा एजंट आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत फरशा विकायचा, अजूनही कुठल्याही खोलीत शिरला की आधी खाली बघतो. "वीस म्हणजे काय, कळतंय का तुला? फरशीलासुद्धा कोणी इतकी गॅरंटी देत नाही!"

आई म्हणाली, "म्हणजे मुलगा पसंत आहे त्यांना."

बाबा लिफ्टा दुरुस्त करून आले होते, हाताचं ग्रीस धूत होते. तिथूनच विचारलं, "आणि खेळवणार कधी?"

मामा म्हणाला, "दाजी, तुम्ही एकदम फार पुढचं विचारता."

४ मार्च, बुधवार

आज भविष्य विभागात बोलावलं. आपल्या क्लबात असा विभाग आहे हे मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर, लॉन्ड्रीच्या वर. खाली मशिनं फिरायला लागली की भविष्य थरथरतं.

तिथल्या मॅडम फार प्रेमळ. भिंतभर तक्ता लावलाय — माझा. डावीकडे मी आत्ताचा, उजवीकडे टोकाला मी एकोणचाळीस वर्षांचा. मधे रंगीत चौकोन. पहिली सहा वर्षं फिकट हिरवी : 'जोपासना'. सातव्या वर्षी पिवळा चौकोन : 'पहिला पूर्ण सामना'.

"सातव्या?" मी म्हणालो.

"घाई करून आम्हाला तुमचं नुकसान करायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

नवव्या वर्षी लाल चौकोन. 'दुखापत : गुडघा'.

"मॅडम, गुडघा कुठला?"

"ते अजून ठरायचंय."

मामाने मान डोलावली. मग वाकून फरशी बघितली. चांगली आहे म्हणाला.

६ मार्च, शुक्रवार

सराव. डावीकडून नऊ वेळा पळालो, सात क्रॉस बरोबर पडले. आठवा मॅनेजरच्या गाडीवर.

कोचना विचारलं — "सर, उद्या?" त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "अरे, तुझं भविष्य इतकं मोठं आहे, की तुला उद्या खेळवायला माझं मन होत नाही."

आभार मानले. कशाचे, ते घरी येईपर्यंत कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

७ मार्च, शनिवार

बेंच.

९ मार्च, सोमवार

मामाने दिवसभर वाटाघाटी केल्या. संध्याकाळी युद्ध जिंकल्यासारखा घरात आला. "गुडघा बाराव्या वर्षावर नेला!"

आईने त्याच्या हातावर साखर ठेवली.

"ते नवावरून दहाच्या पुढे जात नव्हते. मी उठलोच खुर्चीवरून. म्हटलं, माझ्या भाच्याचा गुडघा आहे, रस्त्यावर पडलेला नाही. शेवटी बारावर आले. शिवाय चौदाव्या वर्षीचा खराब फॉर्म मी दोन महिन्यांवर आणलाय. आधी अख्खा हंगाम होता!"

"पण पहिला सामना?" मी विचारलं.

"सातवं वर्ष. तिथे त्या बाई हलायला तयार नाहीत. सगळंच ताणून चालत नाही रे."

बाबा उठले आणि आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टच्या दाराला उगाच तेल घालून आले. त्यांना राग आला की आमची लिफ्ट चांगली चालते.

११ मार्च, बुधवार

सही केली. फोटो काढले. पेन हातात धरून हसायचं, मग कागदाकडे बघून हसायचं, मग एकमेकांकडे बघून. अध्यक्षांनी मला दोनदा दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारली, पण फार आपुलकीने.

खरं सांगायचं तर मला वीस वर्षं नको होती. मला एक सामना हवा होता — पूर्ण. सुरुवातीच्या शिट्टीपासून शेवटच्यापर्यंत. हे कोणाला सांगायचं? सगळे इतके खूश!

१२ मार्च, गुरुवार

आज माझा निरोपसमारंभ झाला.

म्हणजे शूटिंग. मॅडमचं म्हणणं, खेळाडू शेवटी थकलेले असतात, भाषण नीट होत नाही, आवाज बसलेला असतो. म्हणून हा क्लब निरोपाचं भाषण सहीच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन ठेवतो. सगळ्यांचंच घेतात. खाली कपाटं आहेत म्हणे.

मेकअपवाल्याने कानशिलांवर केस पांढरे केले. डोळ्यांखाली थोडी काळजी काढली. हातात भाषण दिलं. "वीस वर्षं कशी गेली कळलंच नाही." मग बायकोचे आभार. नावाच्या जागी जरा थांबायचं — नाव नंतर भरतील. दोन मुलांचे आभार.

"दोनच?" मी विचारलं.

"तुमच्या मामांनी दोनवर तडजोड केलीय," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या वाक्याला हसू येत होतं. पण 'या मैदानाने मला सगळं दिलं' तिथे पोचलो आणि काय झालं कोणास ठाऊक, रडायलाच लागलो! थांबेना. कॅमेरावाला रडला. कोच दारात उभे होते, तेही रडले. येऊन मिठी मारली. "तुझ्यासारखा विंगर या क्लबाला पुन्हा मिळणार नाही."

मी नाक पुसत विचारलं, "सर, मग शनिवारी घेता का?"

"शनिवारी? छे रे."

१४ मार्च, शनिवार

बेंच. केसांचा पांढरा रंग अजून गेला नाही. बाजूचा राखीव गोलकीपर मला उठून जागा द्यायला लागला.

१६ मार्च, सोमवार

गेटवर अडवलं! रोजचाच पहारेकरी. माझं कार्ड लावलं, मशीन पिवळं झालं. त्याने पडद्यावर वाचलं आणि एकदम टोपी काढली. "साहेब, तुम्ही निवृत्त झालात. कळलंच नाही हो."

"मी? अहो, मी सरावाला आलोय."

"सगळेच येतात असे, पहिले काही दिवस. सवय जायला वेळ लागतो." मग हलक्या हाताने वळवलं मला. "माजी खेळाडूंचं दार पलीकडे. पायऱ्या नाहीत तिथे."

घडलं ते असं : माझं भाषण कपाटात ठेवणाऱ्याने वर वीस वर्षांनंतरची तारीख घालायच्या ऐवजी शूटिंगची तारीख घातली. संगणकाने तारीख बघितली, भाषण बघितलं आणि रीतसर मला निवृत्त केलं. करार संपला. पगारपत्रकातून नाव गेलं, माजींच्या यादीत आलं. भविष्य विभागात गेलो तर दार बंद — मॅडम आठवडाभर कुठल्यातरी परिषदेला. दुसऱ्या टेबलावरचा म्हणाला, "तुमचं भविष्य आता आमच्याकडे नाही हो. तुमचा भूतकाळ विभाग."

मामाला फोन केला. म्हणाला, "गुडघा तरी वाचला."

१८ मार्च, बुधवार

माजी खेळाडूंच्या खोलीत बसलो. जायला दुसरी जागा नाही. बिनसाखरेचा चहा देतात, पायावर शाल टाकतात. पाचजण होते, सगळे साठीच्या आसपास. मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही.

एकजण पूर्वी उजव्या बाजूचा बचावपटू, आता दवाखान्यात लोकांचे दात काढतो. त्याने विचारलं, "किती खेळलास रे पोरा?"

"अकरा मिनिटं."

"माझ्या वेळचा एक होता, सहा मिनिटांवर गेला. जाऊ दे. रविवारी येतोस ना? आपली वर्षाची मॅच आहे, माजी विरुद्ध माजी. यादीत नाव असलं की खेळायचंच, इथला नियमच आहे तसा."

"किती मिनिटं?"

"किती म्हणजे? पूर्ण! बदली माणसं आणायची कुठून? उरलोयच एवढे."

शाल बाजूला ठेवली.

२२ मार्च, रविवार

नव्वद मिनिटं! नव्वद!

आईने टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. बाबांनी सुट्टी काढली होती, पहिल्यांदा. समोर मला अडवायला तोच दात काढणारा. वाटलं, अलगद निघून जाईन बाजूने. पहिल्या पाच मिनिटांत त्याने दोनदा चेंडू काढून घेतला, तोही न पळता! नुसता योग्य जागी उभा असायचा. "तू डोळ्यांनी आधीच सांगतोस रे कुठे जाणार ते," म्हणाला. दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं — बेंचवर डोळे कुठे जातात ते कोण बघतंय?

दुसऱ्या हाफमध्ये डोळे एकीकडे, पाय दुसरीकडे. गेलो! क्रॉस टाकला, मधल्या आजोबांनी डोक्याने गोल केला आणि मग पाच मिनिटं खेळ थांबला, त्यांचा चष्मा शोधायला.

आम्ही दोन-एक हरलो. पाय उचलत नाहीयेत. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. लिहितानाही हसतोय.

बाबा गाडीत एवढंच म्हणाले, "बघितलं मी."

२३ मार्च, सोमवार

दोन फोन.

पहिला मॅडमचा. परिषदेहून परतल्या, माझी फाइल बघून जवळजवळ रडल्या. "आमच्याकडून फार मोठी चूक झाली. उद्या दुपारी चारपर्यंत दुरुस्तीच्या फॉर्मवर सही करा, सगळं जसंच्या तसं होईल. वीस वर्षं, सातव्या वर्षी पूर्ण सामना. झाल्या त्रासाबद्दल तुमचा गुडघा आम्ही पूर्णच काढून टाकतोय."

"आणि सही नाही केली तर?"

"तर तुम्ही निवृत्तच. तुमच्यावर आमचा काही हक्क राहत नाही. पण असं कोण करेल?"

दुसरा फोन नदीपलीकडच्या छोट्या क्लबाच्या कोचचा. दात काढणारा त्यांचा सासरा, म्हणून मॅच बघायला आले होते. "आमच्याकडे डावीकडे माणूसच नाही. मैदान उताराचं आहे, कपडे बदलायला कंटेनर. पुढच्या वर्षी क्लब असेल की नाही मला माहीत नाही. रविवारी खेळशील?"

मामा दोन्ही फोन कान लावून ऐकत होता. "गुडघा पूर्ण काढतायत!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आई म्हणाली, "वीस वर्षं कोण कोणाला देतं रे आजकाल?" बाबा माझ्याकडे बघत होते.

२४ मार्च, मंगळवार

चार वाजून गेले. सही केली नाही. एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झालो. रविवारी मॅच आहे.