यो-योची निसटलेली वाटी

बाबा, मला भीती वाटते आहे. ती कोणाला सांगावी हे कळत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली. घरात बोलायला माणसं आहेत, नवरा आहे, पण सगळे एकच म्हणतात, कोणाला काही लागलं नाही ना, मग सोड की आता. तुम्ही असं म्हटलं नसतंत. तुम्ही गप्प बसून ऐकलं असतंत आणि शेवटी एखादाच प्रश्न विचारला असतात, आणि तो नेमका मला नको असलेला असता.

आधी हे सांगायला हवं की मी काय करत होते, कारण ऐकून तुम्हाला खरं वाटणार नाही. मी यो-यो बनवत होते. हसू नका. वरळीच्या ऑफिसात बरीच वर्षं मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढली. ते ऑफिस ठाण्याला गेलं तेव्हा मी नोकरी सोडली आणि डिप्लोमाच्या वर्गातल्या एका मित्राबरोबर हे सुरू केलं. काळाचौकीला त्याचा गाळा आहे, त्यात कॉम्प्युटरवर चालणारी लेथ. ड्रॉइंग माझं, मशीन त्याचं. आताचा यो-यो तुमच्या वेळेसारखा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा नसतो. अॅल्युमिनियमच्या दोन वाट्या, पाठीला पाठ लावलेल्या, मध्ये छोटं बेअरिंग आणि दोन्हींना धरून ठेवणारा एक स्क्रू. खाली फेकला की दोरीच्या टोकाला कितीतरी वेळ फिरत राहतो, आणि तेवढ्यात मुलं त्या दोरीचे पाळणे, जाळ्या, काय काय करतात. मोठी माणसंही करतात. बँकेतली, कॉलेजातली, एक तर डोळ्यांचे डॉक्टर आहेत. मीही चाळिशी उलटल्यावर व्हिडिओ बघून शिकले.

तुम्हीच मला पहिला यो-यो आणून दिला होतात. लालबागच्या बाजारातून, लाल रंगाचा. मी दहाएक वर्षांची असेन. संध्याकाळी मी तो चाळीच्या गॅलरीत गरगर फिरवते आहे, शेजारची चिल्लीपिल्ली भोवती उभी आहेत, आणि तुम्ही गिरणीतल्या पाळीवरून येता, जिन्यावरूनच ओरडता, "खंय मारतंस गो ता? पोरांच्या तोंडार?" आणि माझ्या हातातून तो काढून घेता. आणलात तुम्हीच आणि त्याच दिवशी काढून घेतलात तुम्हीच. मी जेवले नाही. आई म्हणाली, अहो, खेळणंच आहे ते. तुमची भीती तेव्हा मला कंजूषपणासारखी वाटायची. स्टोव्ह पेटवताना तोंड फिरवायचात, फटाक्यांच्या दिवसांत आम्हाला खिडकीशी उभं राहू द्यायचा नाहीत. दुसऱ्यांचे बाप किती मोकळे, असं वाटायचं.

सुरुवातीची दोन वर्षं आमची बरी गेली. इथे बनवणारे फार कोणी नव्हते, त्यामुळे लोक कौतुकाने घ्यायचे. मग पूर आला. दर आठवड्याला कुठून ना कुठून नवं मॉडेल येऊ लागलं. चीनमधून येणारे तर इतके सफाईदार की त्यांच्यात खोट काढायला जागा नाही. घेणारे मात्र तेच. सगळ्या देशात मिळून ती ठरावीक माणसं, त्यांची कपाटं भरलेली, फोमच्या पेट्यांत यो-यो दागिन्यांसारखे मांडून ठेवलेले. खेळायला एक लागतो, घेतलेले असतात ढीगभर. मग पुढचा घ्यायला कारण काय? कारण एकच, आधीच्यापेक्षा चांगला. आणि चांगला म्हणजे काय, ते त्यांनीच ठरवलेलं. फिरत्या यो-योच्या कडेला नख टेकवून बघतात. नखाला जरा जरी थरथर लागली, तरी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर त्याचा पंचनामा. एकाने दोन वाट्यांच्या निळ्यात फरक आहे म्हणून नग परत पाठवला. मी दोन्ही वाट्या उन्हात धरल्या, ट्यूबलाइटखाली धरल्या, मला काही दिसेना. पण मला दिसत नाही याचीच भीती वाटू लागली. पोस्ट वाचायच्या आधी मी देवाचं नाव घ्यायचे.

म्हणून मग ते मॉडेल काढलं. वजन सगळं कडेला नेलं की यो-यो जास्त वेळ फिरतो आणि जास्त स्थिर राहतो. कडेला वजन न्यायचं तर मध्ये कमी करायला हवं. मी मधली भिंत पातळ केली, म्हणजे स्क्रूला धरायला आटेही कमी राहिले. आम्ही ते तपासलं, पुन्हा पुन्हा तपासलं, धरत होते. नखाला काही म्हणजे काही लागत नव्हतं. लोक वेडे झाले. ज्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्यांनीच लिहिलं की असा दुसरा नाही. मित्राने गाळ्यात पेढे वाटले. एक गोष्ट मात्र आमच्या दोघांच्याही लक्षात आली नाही. जे जास्त चोखंदळ, ते यो-यो सारखे उघडतात. बेअरिंग काढतात, धुतात, पुन्हा बसवतात. दर वेळी ते आटे थोडे झिजतात. ज्याला आपला यो-यो सगळ्यात प्रिय, त्याचाच सगळ्यात आधी सुटणार होता.

दादरला समुद्राजवळच्या बागेत रविवारी सकाळी आम्ही सगळे यो-योवाले जमतो. तिथे सातवीतली एक मुलगी यायची, हात चांगला होता तिचा. तिचे आजोबा समोरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. त्या दिवशी तिने आमचा तो नवा यो-यो आडवा, पुढच्या बाजूला जोरात फेकला. खट्ट असा आवाज झाला. एक वाटी तिच्या पायाशी पडली. दुसरी दिसलीच नाही. मग दिसलं ते आजोबांच्या पेपरातलं भोक. वाटी पेपर फाडून त्यांच्या कानाजवळून मागच्या झुडपात गेली होती. आजोबांनी पेपर खाली घेतला, त्या भोकाकडे बघितलं, पुन्हा वर धरून त्यातून नातीकडे बघितलं आणि म्हणाले, "काय गं, माझीच विकेट काढतेस?" सगळे हसले. मी हसू शकले नाही. भोक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होतं. ती मुलगी माझ्याकडे आली, घाबरलेली. "सॉरी ताई, मी जास्त जोरात फेकला का?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका गार पडला होता की तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

झुडपातली वाटी शोधून दुपारी दोन्ही गाळ्यात नेल्या आणि मित्राला सांगितलं. त्याने दोन्ही वाट्या हातात घेतल्या, भिंगातून आटे बघितले. मग म्हणाला, "पुढच्या बॅचला भिंत जाड करू."

"आणि गेलेले?"

"एकच सुटलाय ना? बाकीचे मस्त चाललेत. अगं, नखाला थरथर लागली तर ही माणसं आपली सालं काढतात. सुटतो म्हणून कळलं तर खल्लास. उद्यापासून कुत्रं विचारणार नाही. बाजारात दुसरे काय कमी आहेत?"

तो वाईट माणूस नाही, बाबा. खरं तेच बोलत होता. आणि मला त्याचं पटतही होतं. मी खुर्चीत बसून होते आणि मनात हिशेब चालू होता की लोक काय लिहितील, कोण काय म्हणेल.

तेव्हा मला ती सकाळ आठवली. गिरण्यांचा संप फिसकटला होता, तुम्ही घरी असायचात. आई कामाला गेली आहे आणि तुम्ही स्वयंपाकघरात आदोळीवर बसून नारळ खवता आहात. माझं कॉलेज सुरू व्हायचं होतं. मी सहज विचारलं की तुमच्या खात्यातले ते काका, गणपतीला येतात ते, त्यांचा डोळा कशाने गेला. तुमचा हात थांबला. मागाचा धोटा कसा इकडून तिकडे धावतो, टोकाला लोखंड असतं, कधी सुटला तर गोळीसारखा जातो, हे तुम्ही मला पूर्वी सांगितलं होतं. कोणाच्या मागातून सुटला होता, ते सांगितलं नव्हतं. "माज्याच साच्यातसून सुटलो," तुम्ही म्हणालात. सकाळपासून धोटा वेडावाकडा धावत होता, तुम्ही मुकादमाला सांगितलं होतं. तो म्हणाला, चालव, माल अडलाय. "मी चलवलंय. भियालंय गो. पण मुकादमाक भियालंय, धोट्याक नाय." आणि पुन्हा नारळ खवायला लागलात. त्या दिवशी मला कळलं की गणपतीत ते काका आले की तुम्ही नेहमी त्यांच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला का बसता. मोदक वाढायचात, घर कसं, पोरं कशी विचारायचात, पण त्या बाजूनेच. तिथून त्यांना तुमचं तोंड दिसत नसे.

मी गाळ्यातूनच फोनवर लिहिलं आणि सगळीकडे टाकलं. हे मॉडेल फेकू नका, उघडू नका, आमच्याकडे परत पाठवा, बदली देऊ. मित्र माझ्या मागे उभा राहून वाचत होता. "झालं," एवढंच म्हणाला, आणि लेथ बंद करून घरी गेला. नंतरही भांडला नाही, पण आता तो गाळ्यात मोटारचे भाग करतो आणि मी तिकडे जात नाही.

पुष्कळ परत आले. काहींनी सोबत चिठ्ठ्या ठेवल्या, चांगल्या. काहींनी चेष्टा केली. आणि मग असं झालं, जे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. परत मागवलेला माल म्हणजे दुर्मीळ माल. लोक तोच शोधू लागले. आपापसात विकू लागले. कोणाकडून कोणाकडे गेला, माग लागेना. मी ओरडून सांगत होते की हा धोक्याचा आहे, आणि जितकं ओरडावं तितकी त्याला मागणी.

गिरगावातल्या एका मुलाने पाठवायला साफ नकार दिला. बँकेत असतो, लग्न झालेलं. मी त्याच्या घरी गेले. चाळीतली दोन खोल्यांची जागा, त्याच्या बायकोने सरबत दिलं, सतरंजीवर त्यांचं बाळ पालथं पडून खुळखुळा चोखत होतं. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी नाही देणार. बघा ना," तो म्हणाला, आणि तिथेच, खोलीत, त्याने तो फेकला. माझ्याकडून आपोआप पाऊल पडलं, मी बाळ आणि यो-यो यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. त्याने कडेला नख टेकवलं. "काही लागतंय? दर रविवारी उघडून धुतो, म्हणून असा आहे."

"एकदा माझ्या हातात दे," मी म्हटलं.

त्याने दिला. मी वाट्या धरून घट्ट आवळायला गेले. आवळला जाईना. वाटी नुसती फिरत राहिली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच, कुठेच धरत नव्हती. मी तो त्याच्या हातात परत ठेवला. त्याने स्वतः फिरवून बघितलं. मग त्याने वळून सतरंजीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मलाच त्याची दया आली. बायको म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही." दोन्ही वाट्या त्याने माझ्या पर्समध्ये स्वतः टाकल्या.

पण सगळे नाही आले, बाबा. काही अजून बाहेर आहेत, कुठल्या गावात, कोणाच्या घरात, माहीत नाही. अनोळखी नंबर दिसला की मी उचलते, नेहमी उचलते. परवा नागपूरहून कोणीतरी बोलत होता, आपल्याकडचा यो-यो तोच का म्हणून विचारत होता, आणि तो तोच होता हे ऐकून मला रडू आलं, आनंदाने. त्याला वाटलं असेल, बाई वेडी आहे.

धंदा का बंद केला असं लोक विचारतात. मी सांगते, मार्केट भरलंय हो, इतके झालेत की कोण घेणार. सगळे मान डोलावतात. ते खोटंही नाही. आणि हा कागद माझ्याजवळच राहणार, तुम्हाला कुठे पाठवायचा? पण एक सांगून टाकते. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कारखान्यातून मी एक नग करून आणला, मधली भिंत चांगली जाड ठेवून. नखाला किंचित थरथर लागते. रोज सकाळी गच्चीवर कोणी नसताना तो घेऊन जाते, हळूच सोडते, फिरतो, वर येतो. जोरात मात्र मी तो अजून एकदाही फेकलेला नाही.